तांदळाचा डबा

साडेसहाची बॅच, सयाजीगंज, तळमजला.
भिंतीवर ती रेघ अजून आहे, माझ्या खांद्याएवढी,
दोनदा रंग देऊनही पापुद्र्याखालून वर येणारी.
मी तिच्यावर पट्टी ठेवते आणि विचारते,
पाणी इथवर चढताना कुणी पाहिलं?
कुणी नाही मॅडम.
मग कशावरून म्हणता?
रेघेवरून.
तर मग चढलंच असणार. याला मस्ट हॅव म्हणायचं.
पंचनाम्याची भाषा आहे ही, पुरावा मागते.
माइट हॅवचं तसं नाही. ते नुसत्या आशेवरही चालतं.

जिज्ञासा वही खाली ठेवत नाही. तिला कॅनडाचा व्हिसा हवाय,
साडेसहा बॅण्ड, बाकी भूतकाळाशी तिचं देणंघेणं नाही.
धवल विचारतो, मस्टचं पास्ट काय?
नाही त्याला. स्वतःचा भूतकाळच नाही,
म्हणून हॅवच्या दारात वाटी घेऊन उभा राहतो,
विरजण मागायला आल्यासारखा.
पोरं हसतात.
मग मी आत्याबाईच्या मिशा काढते,
असत्या तर काका म्हटलं असतं, हे वुड हॅव.
आमच्यात फोईबा, कुणीतरी मागून म्हणतं.
शुड हॅवची उदाहरणं मात्र मी पुस्तकातलीच देते.
छत्री न्यायला हवी होती. लवकर निघायला हवं होतं.
घरची देत नाही.

सगळे गेल्यावर चव्हाण थांबतात.
एकसष्ट वर्षं, काचकारखान्यात भट्टीवर गेलेली,
मराठीत विचारतात, तेही हळू,
शंका विचारणं म्हणजे उसने पैसे मागणं असावं तसं.
गृहपाठाची वही पुढे करतात.
पहिलं वाक्य मुलीच्या लग्नाला जायला हवं होतं असं,
इंग्रजीत, घोटून घोटून:
आय शुड हॅव वेंट.
मी वेंटला लाल गोल करते, वर लिहिते, गॉन.
बाकी वाक्य बरोबर आहे. बाकी वाक्यात
माझ्या लाल पेनला करण्यासारखं काही नाही.

दुसरं: शी माइट हॅव कॉल्ड.
मॅडम, इथे मस्ट चालेल का?
पुरावा?
पुरात आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो, मुजमहुड्याला.
फोन खाली, कपाटात, पाण्यात.
तिचा नंबर त्यातच होता, तिच्याकडे माझा होता.
मगर आली होती ना आमच्या गल्लीत, मारुतीच्या देवळापाशी?
जगभर दाखवली ती टीव्हीवर. ब्रॅम्प्टनला टीव्ही आहे.
तिनं मगर पाहिली असेल.
देऊळ ओळखलं असेल, लहानपणी तिथंच खेळायची.
मग केलाच असणार ना फोन?

मी फळ्याकडे पाहते. पुसायचा राहिलाय.
असेल आणि असणारच, आमच्या भाषेत एवढंसंच अंतर,
बोलता बोलता माणूस ओलांडतो, कुणी गुण कापत नाही.
परीक्षेत मात्र रिकाम्या जागेत एकच शब्द बसतो.
फोन आहे अजून?
आहे. तांदळाच्या डब्यात पुरलाय,
पोरांनी सांगितलं ओल ओढून घेतो म्हणून.
ऑगस्टपासून?
ऑगस्टपासून.

मार्च चालू आहे.
मी माइटच राहू देते. दहापैकी आठ.
चव्हाण आकडा पाहतात, मान डोलावतात,
वही पिशवीत, पिशवी सायकलच्या हँडलला,
आणि जाता जाता सांगतात, नातू आहे म्हणे दोन वर्षांचा,
मराठी नाही यायची त्याला, म्हणून हा सगळा खटाटोप.

दिवे बंद करताना रेघ तेवढी दिसत राहते.
तांदूळ कुठले होते, कोलम की बासमती,
आणि घरात दुसरा डबा आहे का रोजच्या भातासाठी,
हे तरी विचारायला हवं होतं.